भांड्यावरचें नांव

आपल्याकडे घरांत नवें भांडें आलें कीं तें वापरांत काढण्यापूर्वीं त्याच्यावर नांव घालून आणण्याची चाल होती, आणि कित्येक घरीं ती अजूनही आहे. आहेरांत आलेलें तांब्याचें घंगाळ असो कीं पितळेची परात असो, देणाऱ्याचें नांव, घेणाऱ्याचें नांव आणि तारीख हीं तिच्या कडेवर ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेलीं असावयाचीं. या चालीचें कारण उघड आहे. भांडीं घरोघर हिंडतात. मुंज, मंगळागौर, श्राद्ध, कार्य कोणतेंही आणि कोणाकडेही असो, आळींतलीं दहा घरें आपापलीं पातेलीं तेथें पाठवितात. आणि कार्य उरकल्यावर घासूनपुसून पालथ्या घातलेल्या त्या राशींतून ज्याचें भांडें त्याच्या घरीं परत जातें, तें केवळ त्या कोरलेल्या चार अक्षरांच्या बळावर. उसनें मागण्यांत कोणाला कमीपणा वाटत नाहीं आणि देणाराही हात आंखडता घेत नाहीं. मात्र दुसऱ्याचें पातेलें नेऊन त्यावरचें नांव कानशीनें घासून काढणारा एखादा इसम आळींत निघाला, तर त्याला पुन्हा साधी पळीही कोणी देणार नाहीं.

शब्दांवर असें नांव कोरतां येत नाहीं. एकानें चार वर्षें खपून जमविलेली माहिती, किंवा अवचित सुचलेली त्याची एखादी कल्पना, दुसऱ्याच्या लेखांत जाऊन बसली कीं ती मूळची कोणाची हें ओळखण्याची खूण तिच्या अंगावर नसते. ती खूण करण्याचें काम नेणाऱ्याकडेच असतें. म्हणजे वाङ्मयाच्या व्यवहारांत ज्यानें भांडें उसनें न्यावयाचें त्यानेंच त्याच्यावर मालकाचें नांव घालावयाचें, असा हा विलक्षण करार आहे. तो मोडणें अतिशय सोपें आहे, आणि म्हणूनच तो पाळणाऱ्याची परीक्षा त्यांत होते.

हा विषय निघाला कीं एक उत्तर हटकून ऐकूं येतें. ‘जगांत नवें असें आहे काय? सगळेच सगळ्यांचें घेतात. मग एकट्यालाच चोर कां म्हणावें?’ हें उत्तर आजचें नाहीं. हजार-अकराशें वर्षांपूर्वीं राजशेखरानें आपल्या ‘काव्यमीमांसे’त त्याचा पुरता समाचार घेतलेला आहे. ज्याच्या पणज्याला महाराष्ट्राचें भूषण म्हणून गौरविलेलें आहे असा हा कवि. त्याचा हा ग्रंथ १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून छापून निघाला. त्यांतले तीन अध्याय त्यानें निव्वळ ‘हरणा’ला, म्हणजे दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ उचलण्याला दिले आहेत. चोर नाहीं असा कवि नाहीं आणि चोर नाहीं असा वाणी नाहीं, असें तो मिस्किलपणें कबूलही करून टाकतो. परंतु तेवढ्यावर न थांबतां तो उचलेगिरीच्या जाती लावूं लागतो. अर्थ सगळा तोच, फक्त शब्दांची मांडणी निराळी, ती आरशांतल्या प्रतिबिंबासारखी. थोडा हात फिरवून मूळची वस्तु निराळी भासविली, ती चित्रासारखी. विषय वेगळा, पण तोंडवळा इतका सारखा कीं दोन माणसें एकमेकांसारखीं दिसावींत, ही तिसरी. आणि मूळ एक असूनही पुढचा सारा संसार नवा, ही चौथी. तिला त्यानें दुसऱ्याच्या शरीरांत प्रवेश करण्याची उपमा दिली आहे. त्याच्याही आधीं आनंदवर्धनानें यांतल्या पहिल्या तीन जाती सांगून पहिल्या दोन टाकाव्या आणि तिसरी घेण्यास हरकत नाहीं असा निवाडा दिला होता. सर्वच घेतात हें खरें. पण कोण कसें घेतो हें पाहावयाचें असतें, ही दृष्टि या जुन्या मंडळींना पक्की होती.

राजशेखरानें या प्रकरणांत आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचें मत तिच्या नांवानिशीं दिलें आहे, हीही एक लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट. आचार्यांचें म्हणणें असें कीं इतर चोऱ्या कालांतरानें विसरल्या जातात, परंतु शब्दांची चोरी पुत्रपौत्रांपर्यंत फिटत नाहीं. त्यावर अवंतिसुंदरी उचलण्यास सोयीचीं कारणें सांगते: तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याचा ग्रंथ लुप्त झालेला, त्याची भाषा वेगळी, तो दूरच्या देशचा. ती हें मनापासून म्हणते कीं चेष्टेनें, हें ज्यानें त्यानें ठरवावें; पण यादी मात्र अशी अचूक आहे कीं आज कोणाही उचल्याला विचारा, यापलीकडचें पांचवें कारण तो सांगूं शकणार नाहीं. आणि हीं चारही कारणें नीट पाहिलीं तर त्यांचा अर्थ एकच निघतो: ज्याचें घेतलें तो दुबळा आहे, त्याला कळणार नाहीं आणि कळलें तरी त्याचें कोणी ऐकणार नाहीं.

रोमच्या मार्शिअल कवीला पहिल्या शतकांत हाच अनुभव आला. त्याच्या कविता आपल्या म्हणून म्हणून दाखविणाऱ्या एका गृहस्थाला त्यानें जो शब्द लावला, त्याचा लॅटिनमधला मूळ अर्थ माणसें पळवून गुलाम करणारा असा होता. वाङ्मयचौर्याला इंग्रजींत रूढ असलेला ‘प्लेजिअरिझम’ हा शब्द त्यावरूनच आला. आपण ज्याला चोरी म्हणतों त्याला मार्शिअलनें अपहरण म्हटलें, आणि मला त्याचा शब्द अधिक नेमका वाटतो. चोरीला गेलेली वस्तु मुकी असते. पळवून नेलेलें मूल मात्र आपल्या बापाचें नांव सांगूं शकत असतें, म्हणून तर त्याचें तोंड दाबावें लागतें.

आपल्या मराठींत ही जाणीव आरंभापासून आहे. ज्ञानेश्वरांसारखा प्रज्ञावंत गीतेवर बोलावयास बसतो, आणि ग्रंथ संपवितांना आपण व्यासांच्या पावलांवरून आलों व आधींच्या भाष्यकारांना रस्ता विचारीत आलों, असें नम्रपणें नमूद करतो. त्या उल्लेखानें ज्ञानेश्वरीचें तेज तिळमात्र उणें झालें नाहीं. पुढें शके १५०६ मध्यें एकनाथांनीं त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. एवढे मोठे कवि. आपली एखादी ओवी मधें घालण्याचा मोह त्यांना सहज झाला असता. त्यांनीं उलट इतरांनाही तसें न करण्याविषयीं बजावून ठेवलें. दुसऱ्याचें आपल्या नांवावर घेऊं नये, तसें आपलेंही दुसऱ्याच्या नांवावर खपवूं नये, ही कराराची दुसरी बाजू त्यांनीं सांभाळली.

आणि सालोमालोची गोष्ट तर मराठी मुलखांत लहानथोरांना ठाऊक आहे. तुकोबांच्या गाथेंत त्याचें नांव घेऊन केलेले अभंग आहेत. तुकोबांचे अभंग तो आपली नाममुद्रा घालून म्हणत असे, अशी परंपरागत आख्यायिका आहे. १९३६ सालच्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटानें तर त्याला घरोघर पोंचविलें. ‘तुका म्हणे’ हे दोन शब्द म्हणजे भांड्यावर कोरलेलें नांवच. तेवढें काढून तेथें दुसरें घातलें कीं काम झालें, असें सालोमालोला वाटलें असावें. पण अभंगाचा शेवटचा चरण बदलून अभंगामागचें आयुष्य बदलतां येत नाहीं. दुष्काळांत गेलेलीं माणसें, बुडालेलें दुकान, भंडाऱ्यावरचा एकांत, हें सारें ज्याचें त्याच्याच तोंडीं ते शब्द शोभत होते. आज सालोमालोच्या नांवाचा एकही अभंग कोणाच्या ओठीं नाहीं.

याचा अर्थ उसनवारीच वाईट, असा मात्र कोणी करूं नये. उसनवारी बंद झाली तर वाङ्मयाची चूल पेटणार नाहीं. देवलांचें ‘संशयकल्लोळ’ घ्या. तें आर्थर मर्फीच्या ‘ऑल इन द राँग’ या १७६१ सालच्या इंग्रजी नाटकावरून बेतलेलें. आणि मर्फीनें तरी कल्पना घेतली होती ती मोलियेरच्या १६६० सालच्या एका प्रहसनावरून. पॅरिसहून लंडनला आणि लंडनहून पुण्यामुंबईस असा त्या संशयाचा प्रवास झाला. पण फाल्गुनराव बोलूं लागला कीं तो आपल्याच आळींतला वाटतो. राजशेखरानें सांगितलेला परशरीरप्रवेश तो हाच. मूळ सांगितल्यानें देवलांची थोरवी वाढतेच, कारण त्यांनीं स्वतःचें किती घातलें हें मूळाशेजारीं ठेवल्याशिवाय दिसत नाहीं. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘हॅम्लेट’ मराठींत आणलें, तेंही भाषांतर म्हणून उजळ माथ्यानें. ऋण सांगितलें म्हणून एखाद्याची किंमत उतरली, असें उदाहरण मला तरी वाङ्मयाच्या इतिहासांत दिसत नाहीं. उलट कोलरिजसारख्या प्रतिभावंतानें १८१७ च्या आपल्या ‘बायोग्राफिया लिटरेरिया’ ग्रंथांत जर्मन तत्त्वज्ञ शेलिंगचे उतारेच्या उतारे पुरेशी कबुली न देतां घातले, तें पुढें त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आलें. आणि आज दोनशें वर्षांनींही त्याच्या चाहत्यांना त्या पानांपाशीं आल्यावर खालीं पाहावें लागतें.

मात्र निवाडा करणाऱ्यानें एक गोष्ट विसरतां कामा नये. सर्वच उचल जाणूनबुजून झालेली नसते. हेलन केलर ही आंधळी आणि बहिरी मुलगी अकरा वर्षांची असतां तिनें एक गोष्ट लिहिली आणि आपल्या शाळेच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. त्यांनीं ती कौतुकानें छापली. थोड्याच दिवसांत, १८९२ सालीं, ती गोष्ट मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या एका जुन्या परीकथेशीं फार जुळते असें कोणाच्या तरी ध्यानांत आलें. झालें होतें असें कीं तीन-चार वर्षांपूर्वीं ती कथा कोणी तरी हेलनच्या तळहातावर अक्षरें काढून तिला वाचून दाखविली होती. ती घटना ती साफ विसरली. कथा मात्र मनाच्या तळाशीं राहिली, आणि वर आली तेव्हां ती तिला आपलीच वाटली. शाळेंत आठ जणांचें मंडळ बसलें, त्या पोरीला तिच्या बाईंपासून दूर करून तिची दोन तास उलटतपासणी झाली. मतें समसमान पडलीं आणि संचालकांच्या मतानें ती सुटली; पण पुढें संचालकांचेंही मन फिरलें. मूळ लेखिका कॅन्बीबाई मात्र त्या मुलीशीं ममतेनें वागल्या. आपण लिहितों तें खरोखर आपलें आहे कीं कोठें वाचलेलें, ही धास्ती तिला पुढें कित्येक वर्षें लिहितांना छळीत असे, असें तिनें १९०३ सालच्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. तें वाचून मार्क ट्वेननें तिला पत्र धाडलें, आणि आपणही एकदां ऑलिव्हर वेंडेल होम्सची अर्पणपत्रिका नकळत आपली म्हणून छापली होती हें तिला कळविलें. ज्यानें नकळत घेतलें त्याला त्याची वस्तु दाखवून द्यावी आणि नांव घालावयास सांगावें. त्याला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यांत उभें करूं नये. चोर आणि विसराळू यांच्यांतला फरक कळावयास फार वेळ लागत नाहीं: मूळ दाखवितांच एक ओशाळतो आणि दुसरा चिडतो.

पण जाणूनबुजून नांव पुसलें जातें तेव्हां नेमकें काय नाहींसें होतें? बहुतेकांना वाटतें कीं एका लेखकाचा मान दुसऱ्यानें घेतला, एवढेंच. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध शिक्षकांची हकीकत मला माहीत नसती, तर मलाही तसेंच वाटलें असतें.

या गुरुजींची सारी नोकरी खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांतून झाली. बदली होईल तेथें पहांटे जात्यावर म्हटल्या जाणाऱ्या ओव्या उतरून घ्यावयाच्या, हा त्यांचा छंद. परक्या पुरुषासमोर बायका मोकळेपणीं गात नसत. म्हणून गुरुजींच्या पत्नी शेजारणीच्या जात्याला हात लावावयास जात आणि ऐकलेल्या ओव्या घरीं येऊन त्यांना सांगत. प्रत्येक ओवीखालीं गुरुजी म्हणणारीचें नांव, सासर, माहेर आणि महिना लिहून ठेवीत. अशा पंधरा-वीस वह्या भरल्या. पुढें एका विद्वान गृहस्थांनीं त्या अभ्यासासाठीं मागून नेल्या. गुरुजींनीं मोठ्या आनंदानें दिल्या. चार-पांच वर्षांनीं ओव्यांचा एक देखणा संग्रह बाहेर पडला. प्रस्तावना व्यासंगपूर्ण होती, विषयवार मांडणीही चांगली साधली होती. परंतु वह्यांचा उल्लेख नव्हता, गुरुजींचा नव्हता, त्यांच्या पत्नीचा तर नव्हताच. आणि ओव्यांखालचीं नांवें सरसकट गाळलेलीं होतीं. वह्या परत मागितल्या तेव्हां घर बदलतांना त्या गहाळ झाल्या असें उत्तर आलें.

गुरुजींना स्वतःसाठीं वाईट वाटलें नाहीं असें मी म्हणणार नाहीं, वाटलेंच. पण त्यांनीं मला सांगितलें तें निराळेंच. एका खेड्यांतला तरुण तें पुस्तक घेऊन त्यांच्याकडे आला होता. त्याच्या आजीच्या ओव्या गुरुजींनीं उतरून घेतल्या होत्या असें त्याला आईकडून कळलें होतें. ‘गुरुजी, ह्यातल्या आमच्या आजीच्या कंच्या?’ असें तो विचारूं लागला. गुरुजींनीं पुस्तक दोनदां चाळलें. दोन ओव्यांवर बोट ठेवलें, तिसरीपाशीं घुटमळले, आणि मग पहिल्या दोहोंविषयींही त्यांना खात्री देतां येईना. ‘ह्या असाव्यात, बाळ,’ एवढेंच ते म्हणाले. ती आजी वारलेली होती. तिला लिहितां येत नव्हतें. तिचें छायाचित्रही घरांत नव्हतें. तिनें मागें ठेवलेल्या त्या पांच-सात ओव्या. त्या छापलेल्या होत्या, हातांत होत्या, आणि तरी तिच्या नातवाला त्या सांपडत नव्हत्या.

असेंच व्हावें लागतें असें नाहीं. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लक्षाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांत गाणारीचें नांव आणि गांव यांची नोंद ठेवली गेली, आणि २०१७ पासून ‘पारी’नें त्या पुन्हा लोकांसमोर आणल्या त्या गाणारणींच्या नांवांसह. त्या बायांच्या नातवंडांना कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबून राहावें लागणार नाहीं.

आतां कोणी म्हणेल, यासाठीं कायदा आहेच. आहे, १९५७ चा कॉपीराइटचा कायदा आहे, आणि कृति आपली म्हणून सांगण्याचा कर्त्याचा हक्कही त्यानें मानला आहे. पण नक्कल करूं न देण्याच्या हक्काला मुदत असते. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ सालीं निवर्तले. त्यांच्या वाङ्मयावरचा हक्क पन्नास वर्षांनीं संपणार होता, तेव्हां १९९२ सालीं कायदा दुरुस्त करून ती मुदत साठ वर्षांची करण्यांत आली, आणि तीही यथाकाल संपली. आज त्यांचें वाङ्मय कोणीही छापावें. म्हणून तें कोणी आपल्या नांवावर छापावें काय? पैशाच्या देण्याला मुदतीचा कायदा लागतो; आपल्या शास्त्रांनीं ज्याला ऋषिऋण म्हटलें त्याला लागत नाहीं.

विद्यापीठांनींही नियम केले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें प्रबंधांतलें साम्य संगणकानें मोजलें जातें. शेंकडा दहापर्यंत दंड नाहीं, पुढें चाळीस, साठ अशा पायऱ्या आहेत. कांहींच नसण्यापेक्षां हें बरें. पण यंत्र शब्द मोजतें. सातव्या शतकांत बाणभट्टानें ‘हर्षचरिता’च्या आरंभीं अक्षरें बदलून आणि रचनेच्या खुणा लपवून लिहिणाऱ्या कवीला चोर म्हटलें, आणि जाणत्यांना तो न सांगतां ओळखूं येतो असें सांगितलें. तोच कवि आज प्रबंध घेऊन आला तर यंत्र त्याला शेंकडा दोनचा दाखला देऊन सन्मानानें सोडील. आणि अवतरणचिन्हांत प्रामाणिकपणें उतारे देणाऱ्या एखाद्या गरीब विद्यार्थ्याला उगाच घाम फुटेल. जाणता वाचक ही जागा यंत्रानें भरून निघणारी नाहीं.

तो जाणता वाचक घडतो घरांत. मुलाच्या निबंधाच्या वहींत मार्गदर्शिकेंतून जसाच्या तसा उतरलेला ‘माझी आई’ हा निबंध पाहून आपण त्याच्या अक्षराचें कौतुक करतों, तेव्हां त्याला पहिला धडा आपणच दिलेला असतो. त्याऐवजीं ‘हें कोठें वाचलेंस?’ एवढें सहज विचारावें. रागानें नव्हे, कुतूहलानें. चार वेळां विचारलें कीं पांचव्या वेळीं मूल आपण होऊन सांगूं लागतें, आणि सांगण्यांत त्याला गंमतही वाटूं लागते.

कारण ऋण सांगण्याचा लाभ कोणाला आणि केव्हां होईल हें सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतें. कालिदासानें ‘मालविकाग्निमित्रा’च्या आरंभीं आपल्या पूर्वींच्या नाटककारांत भासाचें नांव घेतलें. बाणानें घेतलें, आणि राजशेखराच्या नांवावर असलेल्या एका श्लोकांत त्याच्या ‘स्वप्नवासवदत्ता’चाही निर्देश आला. नाटकें पुढें दृष्टिआड झालीं. शतकानुशतकें भास म्हणजे इतरांनीं घेतलेलें एक नांव, एवढेंच उरलें. मग विसाव्या शतकाच्या आरंभीं त्रावणकोरांत गणपतिशास्त्र्यांना तेरा नाटकांचीं हस्तलिखितें मिळालीं, आणि १९१२ पासून तीं त्रिवेंद्रमला छापून निघूं लागलीं. त्या पोथ्यांवर कर्त्याचें नांव नव्हतें. त्यांतल्या एका नाटकाचें नांव मात्र राजशेखरानें सांगून ठेवलेलें होतें. तीं सर्वच भासाचीं कीं काय यावर विद्वानांत आजही मतभेद आहेत; पण त्या निनांवी पोथ्या हातांत आल्यावर कोणाचें नांव घेऊन शोध सुरू करावयाचा, हें गणपतिशास्त्र्यांना ठाऊक होतें, तें दोन-तीन कवींनीं आपल्या लेखनांत एकेका ओळीपुरती जागा दुसऱ्यासाठीं ठेवली म्हणून.